पहिलं वर्ष आणि परतीची वाट

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोललो तसेच, थोडे नीटनेटके करून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



समितीने मला विषय दिला, ‘शिक्षणाचे महत्त्व’. मी समितीला म्हणालो, साहेब, हा विषय मी या माइकवरून लहानपणापासून ऐकतोय. शिक्षणाचं महत्त्व ज्याला पटलं नाही असा एक तरी माणूस आपल्या वस्तीत दाखवा! महत्त्व सगळ्यांना पटलंय. अडचण महत्त्वाची नाही, अडचण पहिल्या वर्षाची आहे. पोरगं दहावी होतं, बारावी होतं, कॉलेजात नाव घालतं आणि पहिल्याच वर्षी कुठंतरी गळतं. म्हणून मी आज फक्त एका वर्षाची गोष्ट सांगणार आहे. माझ्या थोरल्या लेकीचं कॉलेजचं पहिलं वर्ष, सन २०२४-२५. त्यात तिची हुशारी थोडी आणि माझी चूक जास्त आहे. चूक सांगायला लाज वाटते, पण इथं नाही सांगायची तर कुठं सांगायची?

मी कोण, हे बहुतेकांना माहीत आहे. साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर. नववीतून शाळा सुटली ते साल १९८६. पुढं १९९४ ला सीझनल म्हणून कारखान्याला लागलो, मग परमनंट झालो. पुस्तकाची ओळख शाळेत झाली नाही, ती या विहाराच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटानं करून दिली. चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेले बाबासाहेबांच्या चरित्राचे खंड, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, हे मी ऑफ सीझनला वाचले. इंग्रजी खंड डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायला घेतला. एका पानाला एक दिवस लागायचा. सगळं कळलं असं म्हणत नाही. पण वाचायची खोड लागली ती लागली.

तर लेक बारावी झाली आणि म्हणाली, मला बी.ए. ऑनर्स करायचंय, अर्थशास्त्र घेऊन. आमच्या घरात ‘ऑनर्स’ हा शब्द पहिल्यांदा आला. मी कॉलेजात जाऊन विचारलं, माहितीपत्रक आणलं, रात्रपाळी संपल्यावर ते दोनदा वाचलं. जे समजलं ते तुम्हालाही सांगतो, कारण पुढच्या वर्षी तुमच्या घरात हा प्रश्न येणार आहे.

२०२० साली देशाचं नवं शैक्षणिक धोरण आलं. आपल्या महाराष्ट्रात ते २०२३ पासून स्वायत्त कॉलेजांत आणि २०२४ पासून विद्यापीठाला जोडलेल्या बाकीच्या कॉलेजांत लागू झालं. पूर्वी तीन वर्षांची पदवी होती. आता चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्याला चार पायऱ्या आहेत. एक वर्ष करून थांबलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी नेहमीची पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. ऑनर्स झालं की पुढं एम.ए. एका वर्षात होतं. चार वर्षांत चांगले, म्हणजे ७५ टक्के गुण असले, तर सरळ पीएच.डी. साठीही अर्ज करता येतो.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे क्रेडिट. मराठीत श्रेयांक म्हणतात. वर्गातले पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. लेकीच्या वर्षाला ४४ क्रेडिट होते. मी कामगार माणूस, मला तासाचा हिशेब पाळीत करायची सवय. ४४ गुणिले १५ म्हणजे ६६० तास. आठ तासांची पाळी धरली तर साडेब्याऐंशी पाळ्या. मी तिला म्हणालो, “बाई, साडेब्याऐंशी पाळ्या तर नुसतं वर्गात बसायचं काम आहे. घरचा अभ्यास म्हणजे ओव्हरटाइम, तो वेगळा. आणि या कारखान्यात खाडा चालत नाही!” ती हसली. पण भिंतीवरच्या कॅलेंडरावर तिनं पाळ्या मांडल्या आणि वर्ग झाला की रोज त्यावर खूण करत गेली.

पहिले दोन महिने वाईट गेले. सकाळची एसटी धरायची, चुकली तर पहिला तास गेला. वर्गात सर मराठीतून शिकवत, पण फळ्यावर शब्द इंग्रजी. मागणीची लवचिकता, सीमांत उपयोगिता, असं काहीतरी वहीत लिहून आणायची आणि रात्री मला विचारायची, “पप्पा, याचा अर्थ काय?” आता मी काय सांगणार! मी म्हणायचो, “सरांना विचार.” ती म्हणायची, “सगळ्यांसमोर उठून कशी विचारू? हसतील.”

बंधूंनो, ही भीती तिची एकटीची नाही. ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेज पाहिलेलं नाही, त्या प्रत्येक पोराच्या घशात हा आवंढा असतो. दुसऱ्याच्या घरी बाप सांगतो, मावशी सांगते, शेजारचा प्राध्यापक सांगतो. आपल्या घरी कोणी सांगत नाही, म्हणून पोराला वाटतं आपल्यालाच डोकं नाही. तिला डोकं होतं. विचारायला माणूस नव्हतं, एवढंच.

तिच्या ओळखपत्रावर विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुल्यांचं. विद्यापीठ १९४९ चं, माईंचं नाव त्याला २०१४ साली लागलं. मी तिला म्हणालो, हे नाव नुसतं गळ्यात अडकवू नको, त्याचा आपल्या जिल्ह्याशी संबंध आहे. आज जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण आपल्या तोंडातलं जे नगर, तिथं फॅरारबाई नावाची अमेरिकन मिशनची बाई मुलींच्या शाळा चालवत होती. त्या शाळा जोतिरावांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. म्हणजे मुलींच्या शिक्षणाची जी वाट पुण्यात रुंद झाली, तिचा एक फाटा नगरहून निघालेला आहे. तुला लाजायचं काय कारण?

एवढं बोलून भीती जात नसते. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. लेक एका विषयात नापास! तिनं आठ दिवस घरात सांगितलं नाही. जेवताना मान खाली. आईनं ओळखलं, विचारलं, तेव्हा रडायला लागली. मी बारा तास उभा राहून आलो होतो, बदली कामगार आला नव्हता म्हणून. माझ्या तोंडून शब्द गेला, “एवढा खर्च कशापायी केला मग?” शब्द गेला आणि मला माझाच राग आला.

रात्री झोप लागेना. उठून खैरमोड्यांचा खंड काढला. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा किती गुण होते, माहीत आहे? ७५० पैकी २८२. आजच्या भाषेत ३८ टक्केसुद्धा नाहीत. त्या २८२ गुणांसाठी समाजानं सभा भरवून सत्कार केला आणि त्या सभेत केळुसकर गुरुजींनी त्यांना बुद्धाचं चरित्र भेट दिलं. पुढचा सगळा इतिहास आपल्याला माहीत आहे. समजा त्या दिवशी रामजीबाबा म्हणाले असते, “एवढा खर्च कशापायी केला?” तर? सकाळी मी लेकीला ते पान दाखवलं. माफी मागायची बापाला सवय नसते, मी तेवढंच करू शकलो. तिनं पान वाचलं, काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गात उठून तिनं पहिला प्रश्न विचारला, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

आता या वर्षात ती काय शिकली, हे सांगतो. नुसत्या गुणांची गोष्ट सांगितली तर वर्ष अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

सरांनी प्रकल्प दिला होता, आपल्या भागातल्या एका धंद्याचा अभ्यास करा. आमच्या भागात दुसरा धंदा कोणता? तिनं ऊस घेतला. एका रात्री मला म्हणाली, “पप्पा, एक टन उसातून साखर किती निघते?” मी म्हणालो, “उताऱ्यावर आहे. सव्वादहा टक्के उतारा धर, एकशे अडीच किलो.” तिनं लिहिलं. २०२४-२५ च्या हंगामाला सरकारनं ठरवलेली एफआरपी क्विंटलला ३४० रुपये, तीही सव्वादहा टक्के उताऱ्यालाच. म्हणजे टनाला ३४०० रुपये. साखरेचा किमान विक्री दर २०१९ साली सरकारनं किलोला ३१ रुपये केला, त्या हंगामातही तोच होता. १०२.५ गुणिले ३१, म्हणजे ३१७७ रुपये ५० पैसे. ती वहीकडं बघत राहिली. “पप्पा, साखर किमान दरानं विकली तर ऊस घ्यायलाच सव्वादोनशे रुपये कमी पडतात. मग तुमचा पगार कशातून?”

बंधूंनो, मी तीस वर्षं त्या मिलपाशी उभा आहे. गव्हाणीत मोळी पडते तिथपासून पोत्यात साखर पडेपर्यंतचा रस्ता मला डोळे मिटून माहीत आहे. रोलरचा आवाज बदलला तर मी झोपेतून उठतो. पण हा साधा गुणाकार मी तीस वर्षांत कधी केला नव्हता! पगार थकला की आम्ही गेटवर घोषणा द्यायचो, साहेब लोक म्हणायचे पैसे नाहीत, आम्ही म्हणायचो खोटं आहे. दोन्ही बाजूंनी नुसता आवाज. आकडा कोणाकडंच नाही.

आणि ऐका, गोष्ट तिथं संपली नाही. ती वही घेऊन सरांकडं गेली. सर म्हणाले, हिशेब बरोबर आहे, पण अर्धा आहे. बाजारात साखर ३१ च्या वर जाते, तो भाव शोध. मळी कुठं जाते? भुश्श्यावर वीज होते तिचे पैसे कुठं जातात? इथेनॉल? आणि साखर बनवायचा खर्च किती? मग पोरगी पुन्हा माझ्याकडं. मळी किती निघते, भुसा किती जळतो, किती उरतो, हे मी सांगायचं आणि तिनं लिहायचं. त्या पंधरा दिवसांत मी तिचा मास्तर झालो आणि ती माझी. मला कळलं की पहिला आकडा सापडला म्हणून लगेच ओरडायचं नाही, पुढचाही आकडा शोधायचा. विद्यापीठाचं शिक्षण म्हणजे काय, हे मला त्या वहीत दिसलं. घोषणा आपल्याला येतच होती, तिच्या खाली हिशेब घालायला पोरीनं शिकवलं.

आणखी एक. तिची तक्रार असायची की विषय फार पसरलेत. अर्थशास्त्राबरोबर इतिहास, भाषा, पर्यावरण, एक भारतीय ज्ञान प्रणाली, एक भलत्याच शाखेचा विषय. “मला अर्थशास्त्र शिकायचंय, हे सगळं कशाला?” मी तिला बाबासाहेबांचा कोलंबिया विद्यापीठातला अभ्यास दाखवला. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, वय बावीस. तीन वर्षांत त्यांनी घेतलेले अभ्यासक्रम असे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषेचा एकेक, तोही अगदी प्राथमिक. बघा! बी.ए. झालेला माणूस, पण जर्मनची बाराखडी गिरवायला पहिलीच्या पोरासारखा बसला. आणि ज्या निबंधानं जातीची उकल केली, तो त्यांनी ९ मे १९१६ रोजी कुठं वाचला? अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात! विषय पसरलेला नव्हता, नजर पसरलेली होती. त्यानंतर पोरीनं ती तक्रार केली नाही.

आता माझ्या चुकीकडं येतो.

दुसऱ्या सेमिस्टरच्या मध्यावर आमचा पगार तटला. एक महिना, दोन महिने, चार महिने. दुकानदार बोलेना, बोलला तर वाकडं बोलायचा. घरी धाकटा शाळेत, आईचं औषधपाणी. एसटीचा पास, झेरॉक्स, परीक्षा फी, सगळं उसनं. मे महिन्यात मला माहितीपत्रकातलं ते वाक्य आठवलं, एक वर्ष करून थांबलं तर सर्टिफिकेट मिळतं. मी हिशेब केला. ४४ क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचं कौशल्याचं काम केलं की कागद हातात. तालुक्याला दुकानात कामाला लागेल, आठ-नऊ हजार आणेल. मी लेकीला बोलावून सांगितलं, “बाई, सर्टिफिकेट घे. कायद्यानं मिळतंय. नंतर बघू.”

‘नंतर बघू!’ या दोन शब्दांनी आपल्या समाजाची किती पोरं खाल्ली असतील! माझ्या बापानंही मला १९८६ साली हेच म्हटलं होतं. दुष्काळ होता, तो तरी काय करणार. “यंदा कामाला ये, शाळेचं नंतर बघू.” ते ‘नंतर’ अजून आलेलं नाही.

लेक भांडली नाही. दोन दिवसांनी वहीचं एक पान माझ्यापुढं ठेवलं. पानावर सालं लिहिली होती. १९१६, बाबासाहेब लंडनला स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल. १९१७, शिष्यवृत्तीची मुदत संपली, अभ्यास अर्धा टाकून परत. निघण्याआधी विद्यापीठाकडून परवानगी घेतली की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करीन. १९१८, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, पगारातून पैसा साठवला. १९२०, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचं कर्ज, पुन्हा लंडन. १९२१, एम.एस्सी. १९२३, डी.एस्सी., तेही प्रबंध एकदा परत आला, तो पुन्हा दुरुस्त करून दिला तेव्हा.

पान वाचून झालं. ती म्हणाली, “पप्पा, बाबासाहेबांनासुद्धा मधेच निघावं लागलं. पण निघायच्या आधी त्यांनी परत यायची परवानगी घेतली. आणि प्राध्यापकाचा पगार असून, महाराज पाठीशी असून, त्यांना परत जायला तीन वर्षं लागली. दुकानातल्या आठ हजारांत मला किती लागतील, ते तुम्ही सांगा. तेवढी वर्षं इथं लिहा, मी थांबते.”

माझ्याजवळ लिहायला आकडा नव्हता.

तिची आई चुलीपाशी होती. ती कधी बोलत नाही, त्या दिवशी बोलली. “एसटीतून मधी उतरलं की पुढची गाडी कधी येईल, अन् तिच्यात जागा असंल का, कोणी सांगावं? पोरीला उतरवू नका. बचत गटाचं मी बघते.” बचत गटातून पंधरा हजार उचलले. मी ऑफ सीझनला बाहेर वेल्डिंगची कामं धरली. पगाराचे दोन महिने पुढं निघाले, बाकी अजून निघायचेत. लेक दुसऱ्या वर्षाला आहे. नापास झालेला विषय सुटला. पहिला नंबर वगैरे काही आलेला नाही, उगीच मोठेपणा सांगत नाही. ती गाडीत बसलेली आहे, एवढंच.

आता या सगळ्यातून मला जे वाटतं ते सांगतो आणि बसतो.

मधून बाहेर पडायचं दार ठेवलं हे वाईट केलं, असं मी म्हणणार नाही. पूर्वी एक वर्ष करून पोरगं सुटलं तर त्याच्या हातात काहीच नसायचं, वर्ष पाण्यात. आता निदान कागद मिळतो. ज्याच्यावर खरोखर आभाळ कोसळलंय त्याला तो आधार आहे. पण या दारातून बाहेर कोण पडणार, याचा विचार करा. ज्याच्या बापाचा पगार एक तारखेला होतो त्याचं पोरगं चौथ्या वर्षाला ऑनर्स घेणार. आणि ज्याच्या बापाचा पगार तटतो, त्याचं पोरगं पहिल्या वर्षाचा कागद घेऊन दुकानात उभं राहणार. कायदा दोघांना सारखाच, पायरी मात्र वेगळी. उतरंड पुन्हा तशीच लागायला वेळ लागत नाही!

आमच्या मिलमधलं एक सांगतो. ऊस चेपला की रस निघतो. रस गोड असतो, पण रस म्हणजे साखर नव्हे. तो तापवावा लागतो, चुना घालून निवळावा लागतो, आटवावा लागतो. मधे मिल बंद पडली आणि रस तसाच राहिला, तर काही तासांत आंबायला लागतो. पहिल्या वर्षाचं शिक्षण हा असा रस आहे. नुकती नजर उघडलेली असते, नुकता प्रश्न विचारायला तोंड फुटलेलं असतं. तिथं थांबवलं तर ते शिक्षण तसंच राहत नाही, आंबून जातं. मी नववीचं बीजगणित असंच आंबवलेलं आहे, म्हणून अनुभवानं बोलतो.

तरीही एखाद्या घरावर वेळ आलीच, तर निदान एवढं करा. नियम असा आहे की बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत यावं लागतं आणि सुरुवातीपासून सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. मिळवलेले क्रेडिट सरकारच्या श्रेयांक बँकेत पोराच्या नावावर जमा आहेत का, हे स्वतः बघा. त्या खात्याचा नंबर घरात लिहून ठेवा. आणि त्याच्याखाली परत यायची तारीख लिहा, मोठ्या अक्षरात. तारीख लिहिली नाही तर ते ‘नंतर बघू’ होतं. आणि ज्यांचं वय उलटलंय त्यांनीही हातपाय गाळू नयेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांसाठीही चालू आहे.

विहार समितीला माझी हात जोडून विनंती आहे. आपण दरवर्षी दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार करतो. तो जरूर करावा, २८२ गुणांच्या सत्कारापासूनची ती परंपरा आहे. पण सत्कार झाल्यावर ते पोरगं पुढं कुठं गेलं, याची वही आपल्याकडं नाही. ती वही ठेवा. वस्तीतलं जे पोर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे त्याचं नाव त्या वहीत असावं आणि महिन्यातून एकदा समितीच्या एका माणसानं त्याच्या घरी जाऊन विचारावं, काय अडलंय? दुसरं, रविवारी वंदनेनंतर दोन तास हे सभागृह अभ्यासाला उघडं ठेवा. जी पोरं पुढच्या वर्गात आहेत त्यांनी पहिल्या वर्षाच्यांना सांगावं. ज्याच्या घरी विचारायला माणूस नाही, त्याला विहारात तरी मिळावा. तिसरं, एक लहानसा निधी ठेवा. देणगी म्हणून नको, उसनवार म्हणून. ज्या महिन्यात बापाचा पगार तटेल त्या महिन्यापुरता पास आणि फी भागावी. पगार झाला की परत करावा. मी माझ्याकडून एक हजार रुपये आज मांडतो.

ही कल्पना माझी नाही, मी फक्त आठवण करून देतोय. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले तेव्हा त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला, आणि १९४४ पासून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले. का? तर दिवसा नोकरी करणाऱ्या पोरालाही शिकता यावं. बाबासाहेब नुसतं ‘शिका’ म्हणून थांबले नाहीत. शिकणाऱ्याची पाळी कोणती, त्याच्या खिशात काय आहे, हे बघून त्यांनी कॉलेजची वेळ ठरवली. आपल्याला कॉलेज काढायचं नाही, एक वही आणि दोन तास एवढंच करायचंय.

शेवटी एक. लेकीच्या त्या पानावर मला माझ्यासाठीही एक आकडा दिसला. १९८६ साली मी गाडीतून उतरलो, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. मी दहावीसाठी बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरलाय. शाळा सोडल्याचा दाखला काढायला माझ्या जुन्या शाळेत गेलो तेव्हा कारकून म्हणाला, “नातवाचा पाहिजे का?” मी म्हणालो, “नाही, माझाच द्या.” बीजगणित लेक शिकवते. परवा म्हणाली, “पप्पा, कळलं नसेल तर विचारा, मी हसणार नाही.”

पास होईन का नापास, सांगता येत नाही. पण नापास झालो तर आठ दिवस लपवणार नाही. पहिल्याच दिवशी इथं येऊन सांगेन, म्हणजे ही समोर बसलेली पोरंही लपवणार नाहीत.



जय भीम! नमो बुद्धाय!